फॅट २.९ लागली आणि मी भरडा कमी केला

सकाळी डेअरीवर लाईनीत उभं राहिलं की एकच विषय, कुणाची पेंड कुठली. ह्याची गोळी घाला, लिटरनं वाढतंय, त्याची नको, नुसता भुसा भरलाय पोत्यात. मी पण पहिली दोन वर्षं तेच ऐकून पोती बदलत राहिले. एकदा पण कुणी विचारलं नाही की बाई तुझी गाय रवंथ किती करते. आणि खरं सांगू का, विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, कारण रवंथ बघायचा असतो, मोजायचा असतो हेच माहीत नव्हतं.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात, म्हणजे घराच्या चारी बाजूनं ऊस. हे एमआयडीसीत शिफ्टला जातात, मामांचं म्हणजे सासऱ्यांचं वय झालंय, त्यामुळं गोठा माझ्याकडं आणि आत्तींकडं, म्हणजे सासूबाईंकडं. तीन एचएफ क्रॉस म्हणजे होल्स्टिनच्या संकरित गाई, एक तांबडी जर्सी क्रॉस, एक पंढरपुरी म्हस, दोन कालवडी. बीएला अर्थशास्त्र होतं माझं, त्याचा उपयोग एवढाच झाला की दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के नुसतं खाण्यावर जातं हे हिशोब मांडल्यावर लगेच कळलं. बाकी सगळं गाईंनी शिकवलं, आणि शिकवणीची फी पण व्यवस्थित वसूल केली.

तर गोष्ट बेंदराची. आमच्यात आता बैल नाहीत, पण सण सोडत नाही, गाईंनाच ओवाळतो. आमची गौरी गाय व्याली होती त्याला वीसेक दिवस झालेले, दूध सोळा लिटर दोन टायमाचं, पण चिठ्ठीवर फॅट २.९. गाईच्या दुधाचा दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घट्ट भागाला, त्याच्या खाली गेलं की पॉइंटाला पैसे कापतात, म्हणजे सोळा लिटर घालून पण बिल रडकंच. लाईनीतली एक काकू म्हणाली भरडा कमी पडतोय तुझा, मक्याचा भरडा वाढव, फॅट आपोआप वर येती. मी दोन दिवसात डबल केला. त्यात बेंदराच्या उरलेल्या आठ-दहा पुरणपोळ्या आणि पातेल्याच्या तळाचा भात, वाया कशाला घालवायचा म्हणून तो पण गौरीच्याच गव्हाणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी मान खाली घालून उभी. गव्हाण जशीच्या तशी. शेण पातळ, करडं, आणि त्याला आंबलेल्या पिठासारखा वास, वर बुडबुडे. धार काढायला बसले तर सगळं मिळून तीन लिटर. डॉक्टर आले, त्यांनी सुई काढायच्या आधी विचारलं काल काय घातलं. मी आपलं कौतुकानं सांगितलं, पोळ्या, भरडा, सगळं. ते काही बोलले नाहीत, डाव्या कुशीवर मूठ दाबून घड्याळाकडं बघत उभे राहिले. दोन मिनिटं. मग माझी मूठ तिथं ठेवायला लावली. म्हणाले काही हलतंय का. काहीच हलत नव्हतं, नुसतं पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं लिबलिबीत. मग शेजारच्या गाईच्या कुशीवर मूठ ठेवायला लावली, तर तिथं थोड्या वेळानं आतून कुणीतरी हळूच ढकलल्यासारखं झालं, मूठ बाहेर आली, परत आत गेली. चांगल्या गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा असं हलतं. गौरीचं बंद पडलेलं.

सलाईन लागलं, खायचा सोडा पाण्यातून नळीनं पोटात घातला, तीन दिवस नुसता कडबा आणि वाळलेलं गवत, खुराक म्हणजे पेंड-भरडा बंद. दूध परत दहाच्या वर यायला पंधरा दिवस गेले, आणि सोळा त्या वेताला पुन्हा कधी झालंच नाही.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, माझ्या भाषेत इथं सांगते. गाईला चार पोटं, म्हणजे एकाच पोटाचे चार कप्पे म्हणा. पहिलं कोठीपोट सगळ्यात मोठं, मोठ्या गाईचं शंभर लिटरच्या वर, पाण्याच्या मोठ्या बॅरलची आठवण काढा. मग जाळीपोट, मग पडदेपोट आणि शेवटी खरं पोट, आपल्यासारखं, जिथं आम्ल सुटतं. ह्या कोठीपोटात कोट्यवधी जिवाणू राहतात. गाईला स्वतःला कडबा पचवता येत नाही हो, तुम्हाआम्हाला येत नाही तसाच तिलाही येत नाही. कडबा पचवतात हे जिवाणू, त्यातून जी आम्लं तयार होतात ती गाईच्या रक्तात जातात आणि त्यावर गाय जगते, आणि हेच जिवाणू पुढच्या पोटात वाहून गेले की पचतात आणि गाईला प्रोटीन मिळतं. म्हणजे आपण गव्हाणीत जे टाकतो ते पहिल्यांदा त्यांच्या पंक्तीला जातं, गाय बसते दुसऱ्या पंगतीला.

आता ह्या जिवाणूंत दोन मोठे गट धरा. एक कडबा, गवत, तंतू फोडणारे, ते सावकाश काम करतात आणि त्यातून जास्त करून ॲसिटिक आम्ल तयार होतं, दुधातली फॅट मुख्यतः त्याच्यावर. दुसरे पीठ, भरडा, पोळी, भात फोडणारे, ते एकदम झपाट्यानं, त्यातून प्रोपिऑनिक आम्ल, त्याच्यापासून दुधातली साखर, म्हणजे लिटर. भरडा अचानक वाढला की दुसऱ्या गटाची चंगळ होते, लॅक्टिक आम्ल साठतं, पोट आंबट होतं, पीएच साडेपाचच्या खाली घसरला की तंतू फोडणारी गँग मरायला लागते. मग फॅट कुठनं येणार? आली असती तर नवल. मी फॅट वाढावी म्हणून फॅट तयार करणाऱ्यांनाच उपाशी मारत होते.

आणि आंबटपणा कमी कोण करतं तर लाळ. गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ तयार होते, मला पहिल्यांदा खोटंच वाटलेलं. त्या लाळेत खायच्या सोड्यासारखाच सोडा असतो, फुकटचा. पण लाळ सुटते चावताना. कडबा खाताना आणि रवंथ करताना गाय तासन्‌तास चावते, दिवसातले सात-आठ तास रवंथातच जातात. भरडा काय, दोन मिनिटात चाटून मोकळी. म्हणजे भरडा आम्ल पण जास्त करतो आणि लाळ पण कमी सोडायला लावतो, दोन्हीकडनं मार.

म्हणून पुढच्या वेताला पुन्हा जेव्हा फॅट २.९ लागली तेव्हा मी भरडा दीड किलोनं कमी केला, कडबा वाढवला, आणि कुट्टी जरा जाड केली. ही कुट्टीची भानगड पण कुणी सांगत नाही. कडबाकुट्टी मशीन आल्यापासनं सगळ्यांना वाटतं जेवढं बारीक तेवढं चांगलं, काहीजण तर अगदी भुसा करून घालतात. वाया जात नाही हे खरं, पण इतकं बारीक असलं की गाईला चावायलाच काही उरत नाही. एक-दीड इंचाचा तुकडा पाहिजे. आठ-दहा दिवसात फॅट ३.४, मग ३.६. लाईनीतल्या काकूंना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या भरडा कमी करून कुठं फॅट वाढती व्हय. चिठ्ठी दाखवली.

किती घालायचं हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर मिळतं घमेल्यात. दोन घमेली पेंड, एक घमेलं कोंडा. मी एकदा ताणकाटा आणून मोजलं, आमच्या घमेल्यात गोळी पेंड सहा किलोच्या वर बसते आणि तेच घमेलं गव्हाच्या कोंड्यानं भरलं तर अडीच किलो पण होत नाही. मग घमेल्याचा हिशोब काय कामाचा. वजनावर यायचं आणि त्यातही कोरड्या वजनावर, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून. हत्तीगवत शंभर किलो आणलं तर त्यात ऐंशी किलो पाणीच असतं, कडब्यात दहा. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की शेजारची वहिनी रोज गवताचे दोन बिंडे डोक्यावरनं आणून घालते, पाठ मोडून घेते, आणि तिची म्हस तरी हडकुळीच का. ती पाणी वाहून आणत होती बिचारी.

साधारण धरायचं ते असं की गाईला तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडं खाणं रोज लागतं, दुधाची असली तर तीनकडं झुकायचं. वजन काट्यावर घालता येत नाही म्हणून टेप घ्यायची, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या माकडहाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. आलं किलोत वजन. गौरीचा घेर सत्तर, लांबी साठ, म्हणजे ४४५ च्या आसपास. तिला लागतं साधारण साडेतेरा किलो कोरडं. मुरघास, म्हणजे पिशवीत बंद करून आंबवलेला हिरवा मका, चालू असला की पंधरा लिटरला मी तिला घालते ते सांगते, मुरघास पंधरा किलो म्हणजे कोरडं साडेचार, हत्तीगवत दहा किलो म्हणजे दोन, लसूणघास पाच किलो म्हणजे एक, शाळूचा कडबा दोन किलो म्हणजे एक किलो आठशे, आणि खुराक पाच किलो म्हणजे साडेचार. बेरीज तेरा किलो आठशे. खुराक एकूण कोरड्याच्या एक तृतीयांश, बाकी दोन भाग वैरण. हा एकास दोन आकडा सुटला की गौरीसारखं होतं. जुना हिशोब आहे की गाईला अडीच लिटर दुधाला एक किलो खुराक आणि म्हशीला दोन लिटरला एक किलो, वर अंगासाठी किलो-दीड किलो, तो वाईट नाही, पण मुरघास आणि लसूणघास चांगला असला तर तेवढा खुराक लागत नाही, आणि वैरण नुसतं पिंजर असलं तर तेवढा घालून पण भागत नाही. मोबाईलवर ई-गोपाला ॲप आहे, २०२० साली आलेलं, त्यात पण रेशन काढता येतं, पण टेप आणि ताणकाटा नसेल तर ॲपला तरी काय सांगणार.

खुराकात काय? सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, तूर चुनी, ह्यातलं जे ज्या वेळी स्वस्त ते. तयार गोळीच्या पोत्यावर टाइप १ की टाइप २ लिहिलेलं असतं, टाइप १ ला कमीत कमी २२ टक्के प्रोटीन पाहिजे आणि टाइप २ ला २०, एवढं बघून घ्या, पोत्यावरच्या गाईचा फोटो बघू नका. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, अगदी फुकट मिळाली तरी. त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, गाईच्या लिव्हरवर तर बसतंच आणि दुधातून खाली पण उतरतं, उकळून जात नाही. तेच दूध आपलं पोरगं पितंय.

वाड्याबद्दल, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याबद्दल, बोलल्याशिवाय आमच्या भागातलं कुणी पोस्ट सोडणार नाही. कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं ढिगानं, तोडकऱ्यांकडनं शे-दोनशे पेंढ्या घ्यायच्या आणि चार महिने जनावरांना नुसतं वाडं. हिरवंगार दिसतं, गाय खाते पण आवडीनं. पण त्यात प्रोटीन अगदी कमी आणि ऑक्झॅलेट जास्त, हे ऑक्झॅलेट पोटातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि गाईला वापरूच देत नाही. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातल्या निम्म्या गाई माजावरच येत नाहीत आणि लोक रेतनवाल्याला शिव्या घालतात. घालायचंच असेल तर एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवा, चुन्याची निवळी शिंपडून घाला म्हणजे ऑक्झॅलेट बाहेरच अडकतं, आणि रोज पन्नास ते शंभर ग्रॅम मिनरल मिक्श्चर. दुष्काळात माणदेशातल्या छावण्यांत ऊसच घालून जनावरं जगवली, ते बरोबरच होतं, जीव वाचवायचा होता. पण पाण्याच्या गावात बसून आपण छावणीचं रेशन कशाला घालायचं?

कॅल्शियमचं निघालंय तर तांबडीची गोष्ट सांगते, ही मला गौरीपेक्षा जास्त लागली. तांबडी चौथ्या वेताला गाभण, आम्ही सगळे लाड करत होतो. शेवटच्या महिन्यात लसूणघास, आणि मेडिकलमधनं कॅल्शियमची बाटली आणून रोज पाजत होतो, म्हटलं व्याल्यावर एवढं दूध द्यायचंय, आधीच भरून ठेवलेलं बरं. व्याली छान, पाडी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्ती हाका मारतायत, अगं ये लवकर, तांबडी कशी बसलीय बघ. मान वळवून कुशीवर टाकलेली, डोळे अर्धवट, कान बर्फासारखे गार. उठवलं तर उठेना. आत्ती पायरीवर बसून रडायलाच लागल्या.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली, अगदी सावकाश, एका हातात स्टेथोस्कोप छातीला धरून, कारण भसकन गेलं तर हृदय बंद पडतं, हे घरी करायचं काम नव्हे. बाटली अर्धी झाली आणि तांबडीच्या अंगावर बारीक कापरं आलं, मग ढेकर दिली, मग शेण टाकलं. अर्ध्या तासात धडपडत उभी राहिली आणि पाडीला चाटायला लागली. जादूच. आत्तींनी डॉक्टरांना चहाऐवजी दूध दिलं, तेही अख्खा तांब्या.

पण मला झोंबलं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं. गाभणपणाच्या शेवटी बाहेरून कॅल्शियम भरपूर मिळालं की गाईचं शरीर हाडातून कॅल्शियम काढायची सवयच सोडून देतं, आणि व्याल्यावर एकदम चीक उतरायला लागला की रक्तातलं संपतं आणि हाडाचं कुलूप उघडायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे बाटली आम्ही बरोबर उलट्या वेळेला पाजत होतो. आता शेवटच्या तीन आठवड्यात लसूणघास बंद, कॅल्शियम बंद, त्या वेळचं वेगळं मिनरल मिळतं ते घालतो, आणि कॅल्शियम व्याल्यावर. त्याच तीन आठवड्यात खुराक पण अर्ध्या अर्ध्या किलोनं वाढवत न्यायचा, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना व्याल्यानंतरच्या जेवणाची ओळख होते. नाहीतर व्याल्यावर एकदम वाढवला की मग बेंदूर.

चिकावरनं आमच्या घरी एक वाद झाला होता, तो पण सांगून टाकते. पूर्वी वार, म्हणजे वासरामागनं पडणारी झिल्ली, पडल्याशिवाय चीक काढायचा नाही असं होतं, मामा अजूनही तसंच म्हणतात. आणि वार पडते कधी तर कधी सहा तासांनी, कधी दहा. तोपर्यंत पाडी उपाशी. वासराच्या आतड्याला चिकातली रोगाशी लढायची ताकद तशीच्या तशी शोषून घ्यायला पहिले काही तासच मिळतात, एका दिवसात ते दार बंद होतं. म्हणून तासाभरात पहिला चीक, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तीस किलोचं वासरू असलं तर तीन लिटर. उरला तर खरवस. शेजारच्या सगळ्या बायका गाय व्याली म्हटलं की पातेली घेऊन येतात, मी पहिल्या दिवशी कुणाला थेंब देत नाही, बोलतात मागं, बोलू देत.

पाण्याचं एवढंच सांगते की आमच्याकडं आधी दिवसातनं दोनदा बादलीनं पाजायचो. कोरड्या किलोला तीन-चार लिटर पाणी लागतं आणि दुधाच्या लिटरला वर तेवढंच, म्हणजे पंधरा लिटरच्या गाईला कमीत कमी ऐंशी-नव्वद लिटर, उन्हाळ्यात अजून जास्त. दोन बादल्यात काय होतंय. सिमेंटची टाकी बांधून गाई मोकळ्या सोडल्या तर पेंडीचा एक दाणा न वाढवता दूध गाईमागं लिटरभर वाढलं. सगळ्यात स्वस्त खुराक पाणीच निघाला.

मुरघास आम्ही २०१९ च्या पुरानंतर सुरू केला. त्या ऑगस्टमध्ये पाणी गोठ्यात आलं, जनावरं वेळेत वर हलवली, पण कडब्याची अख्खी गंज भिजून काळी पडली, गवत चिखलात गेलं, पाणी उतरल्यावर पण पंधरा-वीस दिवस घालायला वैरण नाही. तेव्हा ठरवलं की वैरण बंद पिशवीत पाहिजे. मक्याचं कणीस चिकात येऊन दाणा जरा घट्ट व्हायला लागला की तोडायचा, बारीक कुट्टी, पिशवीत थर घालून पायानं तुडवून तुडवून हवा काढायची, तोंड बांधायचं, दीड महिना हात लावायचा नाही. चांगला झाला की पिवळसर हिरवा, वास गोडसर आंबट, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. पहिल्या वर्षी दोन पिशव्यांना उंदरांनी भोकं पाडली, आत काळं-पांढरं बुरशीचं जाळं. हे म्हणाले वरचं काढून खालचं घालू. मी सगळं उकिरड्यावर टाकलं, दोन दिवस बोलणं बंद होतं आमच्यात.

उन्हाळ्यात दुसऱ्याच्या रानातली ज्वारी फुकट मिळाली म्हणून कापून आणताना सांभाळा. कोवळी, पाण्याअभावी खुरटलेली, किंवा कापल्यावर परत फुटलेली ज्वारी असली की किराळ लागतं, सायनाइडच तयार होतं त्यात, आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. फुलोऱ्यात आल्याशिवाय घालूच नका.

आता माझी रोजची तपासणी म्हणजे दुपारी जेवण झालं की गोठ्यात पाट टाकून पाच मिनिटं बसायचं. बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. एक घास वर आला की किती वेळा चावते ते मोजते, पन्नास-साठ असलं की ठीक, चाळीसच्या खाली गेलं की वैरणीत काहीतरी बिनसलंय. मग शेण बघायचं, पो नीट पडला पाहिजे, लापशीसारखा, मधे जरा खळगा. पाण्यासारखं असेल तर भरडा जास्त, गोळे गोळे असतील तर पाणी किंवा हिरवं कमी. अधनंमधनं जुन्या चाळणीत शेण धुऊन बघते, मक्याचे दाणे अख्खे निघाले तर तेवढे पैसे उकिरड्यावर गेले असं समजायचं. आत्ती आधी नाक मुरडायच्या, सून शेण चाळत बसलीय म्हणून. परवा मी शेतात होते तर घरी आल्यावर सांगतात, अगं गौरीनं आज चव्वेचाळीसच चावलं, कडबा संपत आलाय वाटतं.

खरंच संपत आलाय. गंजीत फार तर आठ दिवसाचा असेल. नवा मुरघास उघडायचा तर एकदम पंधरा किलो टाकता येत नाही, पोटातल्या मंडळींना नव्या जेवणाची सवय व्हायला दहा-बारा दिवस द्यावेच लागतात. म्हणून आज संध्याकाळी पिशवी उघडतेय, दोन किलोनं सुरुवात, उरलेला कडबा तोपर्यंत पुरवून पुरवून वापरायचा. ताणकाट्याचा हुक कालपासनं सापडत नाहीये, पोरानं पतंगाला नेला असणार.